कूलरचा पंप गेला, कंपनीचा माणूस येऊन नाही राहिला, अन् कंट्रोलर घरीच बनवायचा विचार आहे. नागपूरकरांनो सल्ला द्या

खामल्याचा_सर्किट

नमस्कार मंडळी, थोडं लांब होईल पण घरी आई-बाबा दिवसभर असतात अन् ऊन डोक्यावर आलंय म्हणून सगळं नीट सांगतो. फेब्रुवारीत आम्ही एका मोठ्या कंपनीचा प्लास्टिक बॉडीचा डेझर्ट कूलर घेतला, हनीकोंब पॅड (पाण्यानं भिजणारं, मधाच्या पोळ्यासारखं कागदी पॅड), रिमोट, सगळं काही. कंपनीचं नाव लिहीत नाही, मला भांडायचं नाहीये, मला कूलर चालू पाहिजे. एप्रिल लागला, पारा ४२ वर गेला अन् नेमका पंप बंद पडला. पंखा मस्त फिरतो पण पाणी वर चढतच नाही, म्हणजे बाहेरची गरम हवा ओढून खोलीत सोडणं चालू आहे, त्यापेक्षा नुसता सिलिंग फॅन बरा.

कस्टमर केअरला फोन केला, ४८ तासांत टेक्निशियन येईल म्हणाले. कोणी आलं नाही आणि मोबाईलवर मेसेज मात्र आला की तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे! पुन्हा तक्रार टाकली. या वेळेस माणूस आला, जाळी काढून पाहिलं, पंप जळला आहे, पार्ट मागवावा लागेल म्हणाला, अन् जाताना बाबांकडून ओटीपी घेऊन गेला. झालं, तीही तक्रार बंद. आता फोन केला की ते म्हणतात सर तुमचं काम तर झालेलं दिसतंय. वॉरंटी एक वर्षाची आहे, बिल आहे, सगळं आहे.

बाजारात तसाच पंप मिळते हो, पण याचा नोझल कंपनीच्या सॉकेटमध्येच बसतो, साधा पंप लावायचा तर नळी कापून जोड द्यावा लागेल अन् मग वॉरंटी गेली म्हणतील.

दुसरी गोष्ट. मला इलेक्ट्रॉनिक्सचा नाद आहे. एक नोडएमसीयू (प्रोग्राम टाकता येणारा छोटा वायफाय बोर्ड), एक डीएचटी११ सेन्सर (तापमान अन् ओलावा मोजणारा) अन् रिलेचं मॉड्यूल (बोर्डाच्या इशाऱ्यावर पंपाची वीज चालू-बंद करणारा स्विच) आणून ठेवलंय. विचार असा की हवेतला ओलावा बघून पंप आपोआप चालू-बंद व्हावा, टाकीतलं पाणी संपलं की पंप थांबावा, कारण मला तर वाटते पहिला पंप कोरडा चालूनच जळला, आई-बाबा दुपारी झोपतात तेव्हा पाणी कोण बघणार. पण सेन्सर विचित्र आकडे दाखवतो, दुपारी ओलावा एकाच आकड्यावर अडकून बसतो.

तर कंपनीची वाट बघू, की बाहेरचा पंप टाकून देऊ, की हा विकून सरळ लोकल लोखंडी कूलर घेऊ? आणि कंट्रोलरचं काम करण्यासारखं आहे का, ज्यांनी केलं असेल त्यांनी सांगा.

महालवाली

आमच्या वाड्यात दोन कूलर आहेत, दोन्ही लोखंडी, इथल्याच कारागिराकडून बनवलेले, एक तर माझ्या लग्नाच्या आधीपासूनचा आहे. त्याची मोटर एकदा रिवाइंड झाली, खालचा टब गंजला तर नवा पत्रा मारून घेतला, पंप तर दर दोन-तीन वर्षांनी बदलतोच, आणि यातलं काहीही करायला कोणाला फोन लावून वाट पाहावी लागली नाही. गल्लीच्या तोंडावरच दुकान आहे, मुलगा सायकलवर येतो आणि अर्ध्या तासात लावून जातो. नागपुरात कूलर घेताना मी तर हेच बघते की मे महिन्यात रविवारी दुपारी बिघडला तर त्याचा पार्ट इतवारीत मिळेल का. मिळत नसेल तर पाच वर्षांची वॉरंटी असली तरी माझ्या काय कामाची, नवतपात (मे अखेरच्या त्या नऊ तापलेल्या दिवसांत) एक रात्र बिना कूलरची काढून बघा.

पण तुझा कूलर विकू नको, नवाच आहे, तोटा होईल. आणि हनीकोंबबद्दल लोक उगाच वाईट बोलतात, ते चांगलं असतं. आमच्या वुडवूलच्या, म्हणजे लाकडी गवताच्या, ताट्या दरवर्षी बदलाव्या लागतात, पहिले दोन दिवस त्याचा तो ओल्या लाकडाचा वास घरभर असतो (मला आवडतो तो वास, सासूबाईंना नाही), जूनपर्यंत गवत खाली बसतं आणि वरून मोकळी जागा होते, तिथून गरम हवा शिरते. हनीकोंब नीट सांभाळलं तर दोन-तीन सिझन जातं. फक्त एक सांग, पाणी कोणतं टाकतोस? नळाचं की बोअरचं?

खामल्याचा_सर्किट

ताई, सकाळी नळाचं अन् दुपारून बोअरचं. पॅडच्या कडेला पांढरं पांढरं जमून राहिलंय, ते तेच का?

महालवाली

तेच ते. पाणी उडून जातं, क्षार टाकीतच राहतात, तू वरून पुन्हा बोअरचं टाकतोस म्हणजे टाकीतलं पाणी दिवसेंदिवस जड होत जातं आणि शेवटी पॅडवर चुन्याचा थर बसतो. मग पॅडला पाणी धरतच नाही, आणि पंपाच्या जाळीतही तेच जमतं, पंप अडकतो. पेंचचं नळाचं पाणी पुरत असेल तर तेच टाक. बोअरचंच टाकायचं असेल तर आठवड्यातून दोनदा तरी खालची डाट काढून टाकी पूर्ण रिकामी कर, अर्धी भरलेली असली तरी. जमलेल्या थरासाठी लिंबूसत्व पाण्यात घालून पॅड त्यात भिजवून ठेव आणि मग हलक्या धारेनं धू. ब्रशनं घासू नको, कागदी असतं ते, फाटतं.

बर्डीचा_मिस्त्री

भाऊ मी कूलर, पंखे, गिझर दुरुस्तीचंच काम करतो, एप्रिल-मे मध्ये जेवायले टाइम नसते म्हणून उशिरा लिहून राहिलो.

पयले एक काम कर. पंप जळला असं तो माणूस पाहूनच म्हणाला ना, मोजलं काय त्यानं? बरेचदा पंप जळलेला नसतेच. पाण्यातून काढ, मागचं झाकण खोल, आत छोटा इम्पेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) असते, त्यात चुना नाहीतर पॅडचा कचरा अडकला असते. बोटानं फिरवून पाय. फिरत नसंल तर लिंबूसत्वाच्या पाण्यात घंटाभर ठेव, मोकळा होते. फिरूनही चालू नसंल होत तर मल्टिमीटर लाव, वाइंडिंग (आतल्या तारेचं वेटोळं) ओपन नाहीतर शॉर्ट दाखवलं तरच जळला समज. प्लग काढूनच हे सगळं कर, स्विच बंद केला म्हणून भागत नाही, किती घरांत न्यूट्रलवर स्विच लागलेला असते, स्विच बंद अन् आत फेज जिवंत.

आता खरं सांगायचं ते सांगतो. तू कंट्रोलर बनवून राहिला, चांगली गोष्ट आहे, पण त्याच्या आधी अर्थिंग तपास. आपल्याकडे दर उन्हाळ्यात कूलरच्या करंटनं माणसं जातात, पेपरात येतेच. लोखंडी कूलर, ओली फरशी, अनवाणी पाय, बाई पाणी भरायले पाइप घेऊन येते अन् बॉडीले हात लागते. प्लास्टिक बॉडीत धोका कमी हाय पण संपला नाही, पाण्यातला पंप फुटला तर टाकीतलं पाणीच जिवंत होते. थ्री-पिनच्या वरच्या जाड पिनेत खरंच अर्थ येते काय ते पाय. जुन्या घरात बोर्डात तीन भोकं असतात अन् मागं तार दोनच. टेस्ट लॅम्पची एक तार फेजले, दुसरी अर्थले लावली अन् दिवा पूर्ण पेटला तर अर्थ हाय, मंद पेटला नाहीतर पेटलाच नाही तर वायरमन बोलाव. हे तुला जमत नसंल तर स्वतः करूच नको.

अन् मेन बोर्डात ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी टाकून घे. एमसीबी माणसाले वाचवत नाही, तो तारेले वाचवते. आरसीसीबी फेज-न्यूट्रलमधला फरक बघते, तीस मिलीॲम्पिअर कुठं गळून राहिलं की धाडकन पाडते. महिन्यातून एकदा त्याचं टेस्ट बटण दाबायचं. पाणी भरताना कूलर बंद करून प्लग काढायचा, हे घरात सगळ्यायले सांगून ठेव, आई-बाबाले तं खास.

धंतोली_ग्राहक

पंप इम्पेलर अडकूनच बंद असेल तर बरंच, पण कंपनीनं तक्रार अशी परस्पर बंद करणं सोडून देऊ नका. मी या भानगडीतून गेलोय, माझं वॉशिंग मशीनचं होतं, म्हणून सांगतो काय चालतं ते.

सगळ्यात आधी ओटीपी. काम पूर्ण झाल्याशिवाय ओटीपी द्यायचा नाही, कोणीही कितीही म्हणो की नुसतं व्हिजिटचं आहे. त्या ओटीपीवरच त्यांच्या सिस्टममध्ये कॉल क्लोज होतो. घरात वडीलधारी माणसं असतील तर त्यांना हे आधी सांगून ठेवा, टेक्निशियन त्यांच्याशी फार आदरानं बोलून तेवढं काढून घेतात, याचा मला फार राग येतो.

मग फोनवर बोलणं थांबवा आणि लेखी सुरू करा. कंपनीच्या वेबसाइटवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचा ईमेल असतो, त्यावर बिल, मॉडेल नंबर, प्रत्येक तक्रारीचा नंबर आणि न सोडवता आलेला तो 'सोडवली' मेसेज, याचे स्क्रीनशॉट टाका. पंधरा दिवसांत पंप बदलून द्या असं स्पष्ट लिहा. त्याच दिवशी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार नोंदवा, मराठीत बोलता येतं. बऱ्याच मोठ्या कंपन्या हेल्पलाइनशी थेट जोडलेल्या आहेत, तिथून गेलेल्या तक्रारीला वेगळा माणूस उत्तर देतो, माझ्या बाबतीत तरी फरक लगेच दिसला. कस्टमर केअरच्या मुलीवर ओरडून काहीच होत नाही, तिच्या हातात काही नसतं, तिला पगार कॉल संपवण्याचा मिळतो.

तरीही नाहीच झालं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं (लागू झाला जुलै २०२० पासून) तुम्ही जिथे राहता तिथेच तक्रार करता येते, कंपनी गुरगावची असो की चेन्नईची, केस नागपुरातच चालते. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी शून्य. वकील लागतोच असं नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. जानेवारी २०२५ पासून ई-जागृती पोर्टल आहे, त्यावर घरबसल्या दाखल होते. कूलरच्या पंपासाठी कोणी तिथपर्यंत जात नाही हे कंपन्यांना पक्कं माहीत असतं, त्यामुळे तुम्ही जाऊ शकता एवढं त्यांना कळलं तरी पुष्कळदा काम होतं.

बाहेरचा पंप लावायचा असेल तर आधी ईमेलमध्ये लिहा की तुम्ही माणूस पाठवला नाही, घरी ज्येष्ठ नागरिक आहेत, म्हणून मी तात्पुरता पंप बसवतोय. मूळ पंप फेकू नका, पिशवीत घालून ठेवा. आणि नळी कापू नका, रबरी जोड मिळतो, तो लावा, म्हणजे मूळची वस्तू तशीच राहील.

मानेवाडा_मायक्रो

कंट्रोलरवर मी बोलतो, मागच्या उन्हाळ्यापासून माझ्याकडे चालू आहे.

तुझा सेन्सर बिघडलेला नाही, तो इथल्या उन्हाळ्यासाठी बनलेलाच नाही. डीएचटी११ ची ओलाव्याची रेंज डेटाशीटमध्ये २० ते ९० टक्के आहे. मे महिन्यात दुपारी आपल्याकडे ओलावा १५ टक्क्यांवर, कधी त्याच्याही खाली जातो, मग तो बिचारा खालच्या टोकाला जाऊन बसतो. तापमानातही दोन अंश इकडेतिकडे. डीएचटी२२ घे, तो शून्यापासून मोजतो आणि तापमान अर्ध्या अंशात देतो. थोडे जास्त पैसे टाकले तर एसएचटी३१ त्याहून चांगला. आणि सेन्सर कुठे लावतो ते फार महत्त्वाचं आहे, भिंतीला चिकटवून नाही, उन्हात नाही, कूलरच्या झोतात तर नाहीच. ३० मे २०२४ आठवते ना, नागपुरात हवामान खात्याच्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश आलं अन् देशभर बातमी झाली. नंतर खात्यानंच सांगितलं की सेन्सर बिघडला होता, दुसऱ्या केंद्रांवर ४४ च्या आसपासच होतं. नागपूरचा खरा उच्चांक ४७.९ आहे, मे २०१३ चा. सरकारी केंद्राचा सेन्सर फसवू शकते तर आपल्या दोनशे रुपयांच्यावर किती भरवसा ठेवायचा. मी म्हणून दोन सेन्सर लावलेत, एक खिडकीबाहेर सावलीत, एक खोलीत पलंगाजवळ, दोघांत भलताच फरक आला की मोबाईलवर सूचना येते.

आता मुख्य गोष्ट, पंप कशावर चालवायचा. नुसत्या तापमानावर नाही. कूलर खोली किती थंड करणार हे वेट बल्ब तापमानावर ठरते, म्हणजे ओलं फडकं गुंडाळलेला थर्मामीटर जे दाखवेल ते. बाहेर ४४ अंश आणि ओलावा १५ टक्के असेल तर वेट बल्ब साधारण २३ येतं. चांगलं पॅड त्या फरकाचा ८० टक्के भाग कापते, म्हणजे कूलरमधून हवा २७-२८ अंशानं बाहेर येईल. तोच कूलर जुलैत, ३३ अंश आणि ८० टक्के ओलाव्यात, वेट बल्बच ३० असते, तिथं दोन-अडीच अंश पडले तर पडले अन् वरून चिकचिक. माझा प्रोग्राम फक्त एवढंच करतो, बाहेरचं तापमान आणि वेट बल्ब यात सहा अंशांपेक्षा कमी फरक राहिला की पंप बंद, पंखा चालू. पावसाळ्याच्या तोंडी, त्या जूनच्या विचित्र दिवसांत, याचा खरा फायदा कळतो, रात्री पाऊस पडून गेला की पंप आपोआप थांबतो आणि सकाळी गादी ओलसर लागत नाही.

आणखी एक हिशोब सांगतो, मला स्वतःला तो फार आवडतो. एक लिटर पाणी उडायला साधारण २४०० किलोज्यूल उष्णता लागते. तासाला आठ लिटर पाणी उडालं तर ते साडेपाच किलोवॅटच्या आसपास झालं, म्हणजे दीड टनाच्या एसीएवढी उष्णता ओढली, तीही पंखा-पंप मिळून दोनशे वॅटच्या आसपास विजेवर. एसीइतकी खोली थंड होत नाही कारण कूलर सारखी बाहेरची तापलेली हवा आत घेतो, एसी आतलीच फिरवतो. म्हणून समोरची खिडकी उघडी ठेवायची. कित्येक घरी कूलर लावून दारं-खिडक्या लावून बसतात अन् मग म्हणतात हवा येत नाही, दमट होते. ओली हवा बाहेर जायला वाट पाहिजे ना.

जोडणीचं बोलायचं तर रिले नोडएमसीयूच्या डी१ किंवा डी२ पिनेवर लाव. डी३, डी४, डी८ या पिना बोर्ड सुरू होताना स्वतःच वर-खाली होतात, लाइट जाऊन आली की रिले टकटक करेल, कधी बोर्ड सुरूच होणार नाही. बाजारातली बरीच रिले मॉड्यूल सिग्नल खाली गेल्यावर चालू होतात, हे ध्यानात ठेव नाहीतर प्रोग्राम उलटा चालेल. पंप मोटर आहे, रिले सुटताना ठिणगी पडते आणि त्या झटक्यानं बोर्ड रिसेट होतो, मला हे शोधायलाच बराच वेळ गेला. पंपाच्या दोन्ही तारांमध्ये स्नबर (तो झटका शोषून घेणारी जोडी) लाव, १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स२ कंडेन्सर, तयारही मिळतो. एक्स२ छापलेलाच घे, साधा मेनवर लावायचा नाही.

पाणी संपल्याचं कळायला दोन तारा पाण्यात सोडू नको, डीसीमुळे काही दिवसांत खाल्ल्या जातात. रीडचा फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगणारा, पाणी उतरलं की कळवणारा) घे, तो ३.३ व्होल्टच्या बाजूलाच राहतो. सगळं सर्किट कूलरच्या आत नाही, बाहेर भिंतीवर, बंद डब्यात. प्रोग्रामसाठी ईएसपीहोम (अशा बोर्डांसाठीचं तयार सॉफ्टवेअर) वापर, कोड लिहायचं काम जवळजवळ नाही, आणि वायफाय गेलं तरी पंपाचं लॉजिक बोर्डवरच चालू राहते.

बर्डीचा_मिस्त्री

मायक्रो भाऊनं बरोबर सांगितलं. माझ्याकडून एकच, रिले फेजच्या तारेत टाक, न्यूट्रलमध्ये नाही. अन् कंट्रोलरच्या बाजूले साधा हातानं चालवायचा स्विच ठेव, तुझ्या आईले मोबाईल न पाहता कूलर चालू-बंद करता आला पायजे.

खामल्याचा_सर्किट

सगळ्यांचे मनापासून आभार. मिस्त्री भाऊ, तुम्ही म्हणाले तसंच निघालं, इम्पेलरमध्ये चुन्याची खपली अडकली होती, लिंबूसत्वात ठेवला अन् सुटला, पण फिरताना खरखर आवाज करतोय, शाफ्ट घासलाय बहुतेक. म्हणजे कंपनीच्या माणसानं मोजलंच नव्हतं. १९१५ वर तक्रार केली अन् ईमेल टाकला, कंपनीच्या दुसऱ्याच माणसाचा फोन आला, स्वतःहून बोलला, नवा पंप घेऊन आला, समोर चालवून दाखवला, मग बाबांनी ओटीपी दिला. आई-बाबा काल दुपारी पहिल्यांदा निवांत झोपले.

बोर्डात अर्थ नव्हताच. वायरमननं मागून तार ओढून दिली अन् आरसीसीबी बसवला. डीएचटी२२ आणि फ्लोट स्विच आणले, कंट्रोलर टेबलावर चालू आहे, हाताचा स्विच लावूनच कूलरला जोडतो.

मायक्रो भाऊ, एकच शंका. पंप सलग चालवायचा की थांबवून थांबवून? पॅड भिजलेलं राहते ना थोडा वेळ.

मानेवाडा_मायक्रो

मे महिन्यात दुपारी सलगच चालव, पॅड पाच मिनिटांत कोरडं पडायला लागते अन् वरून पाणी वाहत राहिलं तरच क्षार धुऊन खाली जातात. सारखं ओलं-कोरडं केलं तर चुना पॅडवरच पक्का होतो. रात्री अकरानंतर दहा मिनिटं चालू, पाच बंद असं ठेवलं तर चालते, पाणीही वाचते.

महालवाली

आणि पावसाळा लागला की टाकी नुसती रिकामी करून ठेवू नको, भिंती आतून घासून पूस. डेंग्यूच्या डासाची अंडी टाकीच्या कडेला चिकटतात आणि कोरडी राहूनही महिनोन्‌महिने जिवंत राहतात, पुढच्या वर्षी पाणी टाकलं की आठवड्या-दीड आठवड्यात डास बाहेर. महापालिकेची माणसं येतात तपासायला तेव्हा तीही हेच बघतात. पॅड उन्हात खडखडीत वाळवून जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर टाक, प्लास्टिकच्या पिशवीत नको, बुरशी येते.